मौन धरलेला बोर्ड : दोष शोधण्याची रीत

भिलाई हे नाव उच्चारताच पोलादाचा कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. या कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्हा त्या वेळी जुन्या मध्य प्रदेश राज्यात मोडत असे आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. मधल्या चार वर्षांत सोव्हिएत अभियंते आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कामगार येथे एकत्र राबले. परंतु त्यांना परस्परांची भाषा येत नव्हती. म्हणून त्यांच्यामध्ये दुभाषे उभे असत. सांगणारा जाणकार असावा, ऐकणारा कुशल असावा, पण दुभाष्या जागेवर नसावा, अशा वेळी निरोप पोहोचत नाही. दुरून पाहणाऱ्याला मात्र वाटते की, ऐकणाऱ्यालाच काही समजत नाही.

तळहातावर मावणाऱ्या एका आधुनिक वस्तूविषयी नेमका असाच गैरसमज होत असतो. ही वस्तू म्हणजे मायक्रोकंट्रोलर बोर्ड, अर्थात सूक्ष्मनियंत्रक बसविलेला फलक. २०१६ साली भिलाईसाठी भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी कुटेलाभाठा येथील तिची कायमची वास्तू राष्ट्राला अर्पण करण्यात आली. त्याच २०१६ सालापासून नीती आयोगाच्या योजनेखाली देशभरातील शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ निघू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती असे बोर्ड पडू लागले, ते प्रामुख्याने या योजनेमुळे.

समजा, भिलाईतील अशाच एका शाळेत नववीतील एक मुलगी कुंडीतील माती कोरडी पडताच पाणी सोडणारे यंत्र तयार करीत आहे. कालपर्यंत तिचा बोर्ड संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञावली, बिनतक्रार स्वीकारीत होता. आज तो स्वीकारीत नाही. पडद्यावर तांबड्या अक्षरांत काही वाक्ये उमटतात आणि काम थांबते. ‘सर, माझ्या हातून बिघडला,’ असे ती खालच्या आवाजात सांगते. प्रयोगशाळेत एक खण आहे. त्यात ‘खराब’ अशी चिठ्ठी लावलेले पाच बोर्ड पूर्वीपासून पडून आहेत. हा सहावा ठरण्याचा संभव आहे. बोर्डाची किंमत फार नसते. परंतु आपल्या हातून यंत्र मेले अशी समजूत झालेली मुलगी पुन्हा त्याला सहसा हात लावीत नाही. म्हणून निकाल देण्यापूर्वी चौकशी झाली पाहिजे.

बोर्डाची घडण

‘आर्डुइनो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोर्डांचा जन्म २००५ साली इटलीतील इव्हरेआ या गावी झाला. अभियंता नसलेल्या विद्यार्थ्यालाही थोड्या खर्चात प्रयोग करता यावेत, हा त्यामागील हेतू होता. या कुटुंबातील सर्वांत परिचित बोर्ड म्हणजे २०१० साली आलेला ‘ऊनो’. त्याच्या बहुतेक प्रतींवर २८ पायांची एक लांबट काळी चिप खोबणीत बसविलेली असते. तिचे नाव अ‍ॅटमेगा ३२८ पी. प्रोग्रॅम साठविण्यासाठी तिच्यात ३२,७६८ बाइट इतकी स्मृती असते. तीपैकी शेवटच्या ५१२ बाइटांत कारखान्यातच एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवलेला असतो. त्याला बूटलोडर म्हणतात.

बूटलोडरचे काम वाड्याच्या देवडीवर बसणाऱ्या पहारेकऱ्यासारखे आहे. रिसेटचे बटण दाबून बोर्ड नव्याने जागा केला, की हा देवडीवाला सुमारे एक सेकंद कान देऊन ऐकतो. कोणी नवा प्रोग्रॅम घेऊन आला असेल, तर तो जुना पुसून त्या जागी नवा लिहितो. कोणीच हाक दिली नाही, तर तो दार लावतो आणि आत असलेल्या जुन्या प्रोग्रॅमला कामाला लावतो.

संगणक यूएसबीची भाषा बोलतो; अ‍ॅटमेगा ३२८ पी चिपला ती कळत नाही. त्यामुळे बोर्डावर आणखी एक लहान चिप असते आणि तीच येथील दुभाष्या होय. मूळ ऊनोवर हे काम अ‍ॅटमेगा १६ यू २ ही चिप करते, तर बाजारातील स्वस्त प्रतिकृतींवर बहुधा सीएच ३४० ही चिनी चिप आढळते. दुभाष्या आणि मुख्य चिप यांचे बोलणे ० आणि १ या क्रमांकांच्या दोन पायांवरून चालते. याखेरीज प्रोग्रॅम पाठविण्याच्या क्षणी दुभाष्या एका लहानशा कपॅसिटरमधून मुख्य चिपला झटका देऊन जागे करतो, म्हणजे माणसाला रिसेटचे बटण दाबावे लागत नाही.

येथे एक भीती दूर करणे अगत्याचे आहे. चुकीचा प्रोग्रॅम लिहिल्याने ऊनोचा देवडीवाला नाहीसा होत नाही. या चिपच्या रचनेत प्रोग्रॅमच्या स्मृतीवर लिहिण्याची आज्ञा केवळ देवडीवाल्याच्या जागेतूनच चालते. मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमला तो अधिकारच नसतो. या स्मृतीवर किमान १०,००० वेळा लेखन करता येईल, असे चिपच्या माहितीपत्रकात नमूद आहे. दररोज दहा वेळा प्रोग्रॅम चढविला, तरी त्यासाठी एक हजार दिवस लागतील. तेव्हा मुलीने प्रोग्रॅम चुकविला म्हणून बोर्ड मेला, हा तर्क टिकणारा नाही.

हाक आणि उत्तर

प्रोग्रॅम चढविणे ही एक प्रकारची बातचीत आहे. संगणक प्रथम ठरावीक हाक देतो. षोडशमान पद्धतीत लिहिले, तर ही हाक म्हणजे ३० आणि २० असे दोन अंक. देवडीवाला जागेवर असेल, तर १४ आणि १० असे उत्तर देतो. हे उत्तर मिळाल्यावरच पुढील मजकूर पाठविला जातो. उत्तर न मिळाल्यास संगणक दहा वेळा प्रयत्न करतो आणि अखेर ‘नॉट इन सिंक’, म्हणजे ‘मेळ बसला नाही’, असे लिहून थांबतो.

या वाक्यात बोर्ड बिघडल्याचा उल्लेख कोठेही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हाकेला योग्य उत्तर आले नाही, एवढेच ते सांगते. त्याच ओळीत आलेला अंकही छापलेला असतो. तो ०० असेल, तर बहुधा पलीकडून कोणी बोललेच नाही. तो ३० असेल, तर संगणकाचा स्वतःचाच आवाज परत आला आहे. भलताच अंक असेल, तर त्या तारेवर दुसरेच कोणीतरी बोलत आहे किंवा दोघांच्या बोलण्याचा वेग जुळत नाही. तांबडी अक्षरे दिसताच खिडकी बंद करणारा मनुष्य हा पुरावा स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. म्हणून संदेश वहीत जसाच्या तसा उतरवून घेणे, हे पहिले काम होय.

सर्वांत स्वस्त परीक्षा आधी

दुसरे काम बोर्डाला बाहेरून जोडलेले सर्व काही काढून टाकण्याचे. या परीक्षेला पैसे लागत नाहीत आणि वेळही फारसा लागत नाही. मुलीच्या बोर्डाला मातीतील ओलावा मोजणारी पट्टी होती, पंप चालविणारे मंडल होते आणि मोबाइल फोनशी बोलण्यासाठी आदल्याच संध्याकाळी जोडलेले एक ब्लूटूथ उपकरण होते. सर्व तारा काढल्या आणि केवळ यूएसबी केबल ठेवून पुन्हा प्रयत्न केला. बोर्डाने प्रोग्रॅम तत्काळ स्वीकारला.

कारण उघड होते. ब्लूटूथच्या दोन तारा ० आणि १ या पायांना जोडलेल्या होत्या. दुभाष्याच्या वाटेवर एक हजार ओहमचा रोधक असतो. बाहेरून थेट जोडलेल्या उपकरणाच्या वाटेवर तो नसतो. त्यामुळे दोघे एकाच तारेवर बोलू लागले, की बाहेरच्या उपकरणाचा जोर चालतो आणि संगणकाची हाक देवडीवाल्याच्या कानी पडत नाही. बोर्ड बिघडला नव्हता. त्याच्या कानाशी तिसराच कोणी बोलत होता. प्रोग्रॅम चढविताना त्या दोन तारा काढाव्यात व नंतर पुन्हा जोडाव्यात, किंवा ब्लूटूथ दुसऱ्या पायांवर न्यावे, हा यावरील उपाय आहे.

मग खणातील त्या पाच बोर्डांचे काय, असा प्रश्न येथे साहजिकच उद्‌भवतो. त्यांच्यावर तर बाहेरचे काहीच जोडलेले नाही.

साखळीचे दोन भाग

अनेक कड्यांच्या साखळीत दोष कोठे आहे हे शोधताना एकेक कडी क्रमाने तपासण्यापेक्षा साखळी मध्येच तोडून दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते ठरविणे अधिक श्रेयस्कर ठरते. प्रोग्रॅमची साखळी दुभाष्याच्या पुढच्या टोकाशी तोडता येते आणि त्यासाठी दोन साध्या तारा पुरतात.

एका तारेने रिसेटचा पाय जमिनीच्या, म्हणजे शून्य दाबाच्या पायाला जोडावा. असे केल्याने मुख्य चिप झोपलेली राहते. दुसऱ्या तारेने ० आणि १ हे पाय एकमेकांना जोडावेत. आता संगणकावरील सीरियल मॉनिटर ही खिडकी उघडून काही अक्षरे टाइप करून पाठवावीत. ती संगणकातून निघून केबलमधून दुभाष्यापर्यंत जातील, तारेवरून वळतील आणि त्याच वाटेने परत येतील. पाठविलेली अक्षरे खिडकीत पुन्हा उमटली, तर संगणक, केबल आणि दुभाष्या हे तिघेही निर्दोष आहेत आणि दोष मुख्य चिपच्या बाजूस आहे. ती उमटली नाहीत, तर मुख्य चिपला दोष देण्याचे कारण नाही. परीक्षा संपताच दोन्ही तारा आठवणीने काढाव्यात.

खणातील दोन बोर्डांत अक्षरे परत आली नाहीत आणि तिघांत आली, असे धरून चालू.

संगणकाच्या बाजूचे दोष

पहिल्या बोर्डाचा दिवा लागतो, पण संगणकाला तो दिसतच नाही. येथे संशय केबलवर घ्यावा. बाजारातील काही केबली केवळ विद्युत् पुरवठ्यासाठी बनविलेल्या असतात. माहिती वाहून नेणाऱ्या दोन तारा त्यांच्यात नसतातच. दिवा लागल्याने केबल चांगली असल्याचा भास होतो. ज्या केबलने दुसऱ्या बोर्डावर प्रोग्रॅम चढला आहे, तीच लावून पाहणे हा खात्रीचा मार्ग. बोर्ड लगेच दिसू लागला. दोष केबलचा होता आणि शिक्षा बोर्डाला झाली होती.

दुसऱ्या बोर्डावर सीएच ३४० चिप आहे. जुन्या संगणकावर तो चालत असे. नव्या संगणकावर चालेना. दुभाष्याला ओळखण्यासाठी संगणकावर ड्रायव्हर नावाचा सहायक प्रोग्रॅम लागतो. नव्या संगणकावर तो बसविलेला नव्हता. तो बसविल्यावर बोर्ड यादीत दिसू लागला. लिनक्स प्रणालीवर याच जागी वेगळी अडचण येऊ शकते. बोर्ड दिसतो, पण वापरणाऱ्यास त्याच्याशी बोलण्याची अनुमती नसते. त्याचे नाव ‘डायलआउट’ या गटात घालून, बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्यावर ती दूर होते. याशिवाय यादीत एकाहून अधिक पोर्ट असतील, तर नेमका आपल्या बोर्डाचा निवडला आहे ना, हेही पाहावे. केबल काढल्यावर यादीतून जो पोर्ट नाहीसा होतो, तोच आपला.

संगणकाच्या बाजूचा दोष किती फसवा असतो, याचे जागतिक उदाहरण २०१४ सालचे आहे. एफटीडीआय या स्कॉटलंडमधील कंपनीच्या दुभाषी चिपांच्या नकली आवृत्त्या बाजारात पसरल्या होत्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात विंडोज प्रणालीमार्फत या कंपनीचा नवा ड्रायव्हर संगणकांवर पोहोचला. तो नकली चिपमधील ओळखक्रमांक पुसून शून्य करीत असे. अनेकांचे चालू बोर्ड त्यानंतर संगणकास दिसेनासे झाले. आपला बोर्ड जळाला, असेच त्यांना वाटले. प्रत्यक्षात मुख्य चिपला काहीही झाले नव्हते. टीका झाल्यानंतर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

बोर्डाच्या बाजूचे दोष

उरलेल्या तीन बोर्डांत अक्षरे परत येतात. आता देवडीवाला जागेवर आहे की नाही, हे पाहावयाचे. रिसेटचे बटण दाबून सोडावे आणि ‘एल’ अक्षराजवळील लहान दिव्याकडे पाहावे. ऊनोचा बूटलोडर जागा होताना हा दिवा पटापट तीनदा लुकलुकवितो. ही त्याची हजेरीच होय.

तिसऱ्या बोर्डाने हजेरी दिली, तरी प्रोग्रॅम चढेना. देवडीवाला आहे, दुभाष्याही आहे. मग हाक ऐकू का येत नाही? कारण त्याला योग्य क्षणी कोणी उठवीत नाही. झटका देणारा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर तडकला, तर असे होते. अशा वेळी रिसेटचे बटण बोटाने दाबून धरावे, संगणकास प्रोग्रॅम पाठविण्यास सांगावे आणि प्रत्यक्ष पाठवणी सुरू होण्याच्या क्षणी बटण सोडावे. एक सेकंदाची ती संधी साधण्यास दोन-चार प्रयत्न लागतात. या बोर्डावर तिसऱ्या प्रयत्नात प्रोग्रॅम चढला. नवा कपॅसिटर बसविल्यास बटणाची गरज उरणार नाही. तोवर ‘बटण हाताने दाबावे’ अशी चिठ्ठी पुरे.

येथेच बोलण्याच्या वेगाचाही विचार करावा. ऊनोचा बूटलोडर सेकंदास १,१५,२०० या वेगाने बोलतो. ‘नॅनो’ या धाकट्या बोर्डाच्या जुन्या प्रती ५७,६०० वेगाने बोलत. २०१८ सालापासूनच्या अधिकृत प्रतींत नवा बूटलोडर आला. संगणकाच्या यादीत चुकीचा बोर्ड किंवा चुकीचा बूटलोडर निवडला, तर दोघेही धडधाकट असून मेळ बसत नाही.

चौथ्या बोर्डाचा दिवा लुकलुकला नाही. येथे बूटलोडरच नसावा, असा अंदाज करता येतो. वेगळ्या प्रोग्रॅमर उपकरणाने थेट प्रोग्रॅम चढविला, तर संपूर्ण चिप आधी पुसली जाते आणि तीबरोबर देवडीवालाही जातो. तो पुन्हा नेमण्यासाठी दुसरा चांगला ऊनो पुरेसा आहे. चांगल्या बोर्डावर ‘आर्डुइनो आयएसपी’ हा तयार नमुना-प्रोग्रॅम चढवावा. त्याचे ११, १२ आणि १३ हे पाय रुग्ण बोर्डाच्या त्याच क्रमांकांच्या पायांना, १० हा पाय रुग्णाच्या रिसेटला आणि ५ व्होल्ट व जमीन हे पाय परस्परांना जोडावेत. चांगला बोर्ड मध्येच रिसेट होऊ नये, यासाठी त्याच्या रिसेट आणि जमीन या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. त्याचा धन पाय रिसेटकडे असावा. त्यानंतर संगणकावर ‘आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ हा पर्याय निवडून बूटलोडर लिहिण्याची आज्ञा द्यावी. चौथ्या बोर्डाचा दिवा काही क्षणांतच तीनदा लुकलुकला.

खरा मृत्यू

पाचव्या बोर्डावर हीच क्रिया केली असता मात्र ती आरंभीच अडली. बूटलोडर लिहिण्यापूर्वी चिपला तिची ओळख विचारली जाते. अ‍ॅटमेगा ३२८ पी चिपचे उत्तर ‘१ई ९५ ०एफ’ असे असावयास हवे. येथे तिन्ही जागी शून्ये आली. जोडण्या पुन्हा तपासल्या, तारा बदलल्या, तरीही शून्येच. जुनी वही पाहिली, तेव्हा या बोर्डाच्या पायाला पंप थेट जोडला होता, अशी नोंद सापडली. या चिपच्या एका पायातून ४० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाता कामा नये. लहानशा पंपालाही त्याहून कितीतरी अधिक लागतो. पंप बंद होताना उसळणारा उलटा दाब वेगळाच. म्हणून पंप आणि चिप यांच्यामध्ये ट्रान्झिस्टर आणि डायोड असलेच पाहिजेत.

ही चिप खरोखर मेली होती. तरीही बोर्डाचा निकाल लागला असे नाही. अक्षरे परत येत होती, म्हणजे त्याचा दुभाष्या जिवंत होता. खोबणीतील मृत चिप हलक्या हाताने उपसून बूटलोडर लिहिलेली नवी चिप खाचेची दिशा जुळवून बसविली, की तो बोर्डही कामाला लागतो.

वहीचे महत्त्व

सहा बोर्डांवर दोषाचा एकच शिक्का बसणार होता. प्रत्यक्षात दोष सहा निघाले आणि मुख्य चिप केवळ एकाच ठिकाणी गेली होती. हे कळले ते मोठ्या विद्वत्तेमुळे नव्हे, तर रीत पाळल्यामुळे. आधी पाहावे, मग स्पर्श करावा. स्वस्त परीक्षा आधी करावी. साखळी मध्ये तोडावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी; कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दुरुस्ती होते, पण कारण कळत नाही. आणि केलेले प्रत्येक काम वहीत लिहावे, कारण पाचव्या बोर्डाचे रहस्य उलगडले ते कोणाच्या तरी जुन्या नोंदीमुळेच.

खणावरील ‘खराब’ ही चिठ्ठी आता काढता येईल. तिच्या जागी ‘तपासावयाचे’ असे लिहावे आणि प्रत्येक बोर्डासोबत त्याच्या लक्षणांचा एक कागद ठेवावा. त्या वहीतील नवी पाने मुलीच्याच हातून लिहिली जावीत, हे अधिक योग्य. ज्या दिवशी आपण बोर्ड मारला असे तिला वाटले, त्याच दिवशी पाच बोर्ड पुन्हा प्रोग्रॅम घेऊ लागले आणि सहावा केवळ एका नव्या चिपची वाट पाहत राहिला, एवढे त्या पानांवरून तिला समजेल.